भाडेकरूची चौकशी झाली, पण पार्किंगच्या दिव्याचं काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून शेजारच्या दादाची मोटारसायकल चोरीला गेली. सावेडीत अशा बिल्डिंगा गल्लोगल्ली आहेत. चार मजले, सोळा फ्लॅट, त्यातले निम्मे भाड्याने दिलेले, खाली पार्किंग आणि रात्रंदिवस उघडं गेट. ‘‘सीसीटीव्ही आहे की!’’ असं सगळेच म्हणाले. मला मोबाइलमधलं जरा कळतं, म्हणून मलाच डीव्हीआरसमोर बसवलं.

कॅमेरे चार होते. एक बंद होता, दुसऱ्याच्या काचेवर कोळ्याचं जाळं होतं आणि तिसरा गेटऐवजी समोरच्या गच्चीकडे बघत होता. चौथ्यात नीट दिसत होतं, पण त्याचं घड्याळ दोन तास मागे होतं. रेकॉर्डिंग फक्त शेवटच्या पाच दिवसांचं होतं आणि दादा गावाहून आठ दिवसांनी परतला होता. डीव्हीआरचा पासवर्ड तर डब्यावर छापून आलेला, तोच अजून चालत होता.

त्याच आठवड्यात माझ्या घरमालकांचा मेसेज आला, ‘‘आधार, फोटो, ऑफिसचा पत्ता पाठव. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचीय, नाहीतर मला दंड बसेल.’’ मी सगळं पाठवलं आणि मग डोक्यात आलं, की चोरी झाली पार्किंगमध्ये आणि चौकशी झाली माझी.

मालकांचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे ‘बिल्डिंगची सुरक्षा’ म्हटलं की नियम भाडेकरूपासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात. असं का होतं, ते समजून घेऊ.

नियम नेमका काय सांगतो?

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, असे आदेश साधारणपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. हे म्हणजे जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं कलम १४४. नवीन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले आणि नंबर बदलला. मुंबई-पुण्यात असे आदेश पोलीस आयुक्तालय काढतं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात आयुक्तालय नाही, पोलीस अधीक्षक आहेत. त्यामुळे इथे हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत अशा दंडाधिकाऱ्यांकडे असतो.

या कलमाचा स्वभाव लक्षात घ्या. ते तातडीच्या धोक्यासाठी आहे. आदेश दोन महिने चालतो. राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे हा कायमचा नियम नाही, पुन्हा पुन्हा काढावा लागणारा आदेश आहे. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागू शकतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेश मोडल्याने कुणाच्या जिवाला धोका झाला तर शिक्षा आणखी जास्त.

दुसरी बाजू भाडेकराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरता येते. पण इथे एक गैरसमज आहे. ही फक्त ‘माहिती कळवणं’ आहे. पोचपावती मिळाली म्हणजे पोलिसांनी त्या माणसाची हमी घेतली, असं नाही. बऱ्याच सोसायट्यांना मात्र तसंच वाटतं आणि त्यांची सुरक्षा त्या कागदावर थांबते.

दुसरीकडे कायदा दारापासून सुरू होतो

अमेरिकेत भाड्याच्या घरांची मोठमोठी संकुलं असतात आणि त्यातल्या काहींत वारंवार गुन्हे घडतात. तिथला कायदा आधी घरमालकाला विचारतो, की बाबा, तू काय लावलंस?

टेक्सास राज्यात खिडकीला कडी, दाराला बोल्ट आणि बाहेर कोण आहे ते बघायला दारात भिंग या गोष्टी मालकानेच बसवून द्यायच्या असतात. फ्लोरिडाने २०२३ मध्ये वेगळी युक्ती केली. मोठ्या गृहसंकुलाच्या मालकाने येण्या-जाण्याच्या जागी कॅमेरे लावले, फुटेज किमान ३० दिवस ठेवलं, पार्किंगमध्ये ठरलेल्या मापाचा उजेड ठेवला, दाराला किमान एक इंचाचा बोल्ट बसवला आणि अशाच आणखी काही अटी पाळल्या, तर बाहेरच्या गुन्हेगाराने तिथे काही केल्यास नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाला संरक्षण मिळतं. उजेडसुद्धा मोजून लिहिलाय!

डॅलस शहर आणखी पुढे गेलं. ज्या मालमत्तेत पुन्हा पुन्हा गुन्हे घडतात तिला ‘सराईत गुन्ह्यांची जागा’ ठरवायची, मालकाला बोलावून घ्यायचं आणि तशी पाटीच दारावर लावायची.

हे जसंच्या तसं आपल्याकडे आणावं, असं मी म्हणणार नाही. पाटीचा तोटा सरळ आहे. बिल्डिंगला शिक्का बसला की भाव पडतो, मग ‘पोलिसांना फोन करू नका, आपलंच नाव खराब होईल’ असा दबाव येतो. तक्रारी कमी होतात, चोऱ्या होत नाहीत. नगरला तर ‘बॅचलरना फ्लॅट मिळणार नाही’ हे आधीच ऐकायला मिळतं. शिक्क्याच्या भीतीने त्या यादीत आणखी चार प्रकारची माणसं जातील. पण मुख्य गोष्ट घेण्यासारखी आहे: नियम वस्तूंबद्दल असावा, म्हणजे कडी, दिवा, कॅमेरा यांच्याबद्दल. दिव्याला जात नसते, आणि तो एकटा राहतो की कुटुंबासोबत, हेही कुणी विचारत नाही.

भारतात असे प्रयत्न झालेत. आंध्र प्रदेशने २०१३ मध्ये सार्वजनिक सुरक्षेचा कायदा केला. एका वेळी १०० किंवा दिवसभरात ५०० लोक येऊ शकतात अशा ठिकाणी कॅमेरे सक्तीचे आणि फुटेज ३० दिवस ठेवायचं. पुढे कर्नाटक आणि गुजरातनेही अशा धर्तीचे कायदे केले. महाराष्ट्रात २०१६ मध्ये अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा मसुदा जाहीर झाला होता, त्यातही कॅमेऱ्यांची सक्ती होती. पण सरकारला भलतेच अधिकार मिळतात अशी टीका झाली आणि तो बारगळला.

३० दिवसांचं गणित

आता थोडं तांत्रिक. आमचं फुटेज पाच दिवसांतच का पुसलं गेलं?

२ मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या एच.२६४ पद्धतीने सेकंदाला साधारण २ मेगाबिट डेटा लिहितो असं धरू. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला जवळपास २२ जीबी, चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. आमच्या डीव्हीआरमध्ये ५०० जीबीची डिस्क होती. पाच-सहा दिवसांत ती भरते आणि मशीन जुनं पुसून नवं लिहायला लागतं. कुणी मुद्दाम काही पुसलं नव्हतं.

३० दिवस हवे असतील तर २.६ टीबी लागतील. पण कॅमेरे आणि डीव्हीआर दोन्ही एच.२६५ चालवत असतील, तर साधारण निम्मा डेटा लागतो आणि २ टीबीची डिस्क पुरते. सोळा फ्लॅटमध्ये वाटला तर हा खर्च जड नाही. अडचण वेगळी आहे. आमच्याकडे सोसायटी नोंदलेलीच नाही. मग डिस्क आणायची कुणी? मालक म्हणतात, राहता तुम्ही. भाडेकरू म्हणतात, बिल्डिंग तुमची.

आणखी एक. फुटेज सापडलंच, तर स्क्रीनचा मोबाइलने व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि डीव्हीआर तसाच ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. आत एक बिंदू बदलला तरी अंगठा बदलतो. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे तो अंगठा जुळणारच नाही.

कॅमेराच घरफोड्या झाला तर?

सक्ती करताना दुसरी बाजू विसरून चालणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली, महिलांच्या तपासणीची दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. कॅमेरा सुरक्षेसाठीच लावला होता! त्याआधी २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. त्याची मुख्य किल्ली एकच, कारखान्यातून आलेला आणि कुणीच न बदललेला पासवर्ड. आमच्या डब्यावर होता ना, तसलाच.

केंद्र सरकारने आता विक्रीच्या टोकाला नियम आणलाय. एप्रिल २०२५ पासून बाजारात येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक आहे. पण आधीच भिंतीवर असलेल्या कॅमेऱ्याचं काय? तो पासवर्ड आपल्यालाच बदलायचाय.

आणि आपल्या आधारचं काय? वॉचमनच्या फोनच्या गॅलरीत, सेक्रेटरींच्या व्हॉट्सॲपमध्ये, झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर अशा आपल्या किती प्रती पडल्यात, हे कुणीच सांगू शकत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने, १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोपर्यंत सावध आपणच राहायचं.

शहराने गावाकडून शिकावं

आपल्याच जिल्ह्यातल्या गावांनी एक सोपी गोष्ट वापरलीय, ग्राम सुरक्षा यंत्रणा. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, की एका टोल फ्री नंबरवर फोन करायचा. तुमचा आवाज रेकॉर्ड होतो आणि परिसरातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या फोनवर तोच निरोप कॉल होऊन जातो. स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही. या यंत्रणेचा प्रश्न ‘तू कोण आहेस?’ हा नसून ‘मदतीला कोण येऊ शकतं?’ हा आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा घरं आहेत आणि माझ्याकडे त्यातल्या चारांचेच नंबर होते.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, नवे नगरसेवक आलेत. त्यांच्याकडे काय मागायचं, याची माझी यादी छोटी आहे. भाड्याने दिलेल्या प्रत्येक इमारतीत पार्किंग आणि जिन्यात दिवा, बंद होणारं गेट, चालू कॅमेरा, ३० दिवसांचं फुटेज आणि त्याला जबाबदार असलेल्या माणसाचं नाव दर्शनी भागात. भाडेकरूची माहिती खुशाल घ्या, पण सोबत ही पाच कामंही मागा.

तोपर्यंत या रविवारी एवढं करा:

• डीव्हीआरचा पासवर्ड बदला, घड्याळ जुळवा आणि सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग किती तारखेचं आहे ते बघा.
• कॅमेरा कुणाच्या दारात किंवा खिडकीत डोकावत असेल तर वळवून घ्या.
• आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. प्रतीवर तारीख आणि ‘फक्त भाडेकरू माहितीसाठी’ असं लिहा.
• पोलिसांना दिलेल्या माहितीची पोचपावती मालकांकडून मागून घ्या.
• बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे नंबर घ्या. संकटात आधी ११२.

दादाची गाडी अजून सापडलेली नाही. आम्ही वर्गणी काढून २ टीबीची डिस्क बसवली आणि पार्किंगमध्ये दोन दिवे लावले. पहिल्या रात्री दिवे लागले तेव्हा तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘‘एवढंच करायचं होतं होय?’’ एवढंच होतं खरं. पण ते कुणाचं काम आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.