घर मापाचं असावं

द्राक्षाचा हंगाम आवरला की तासगावात जागांची चौकशी वाढते. माल उतरलेला असतो, व्यापाऱ्याकडून पैसे आलेले असतात, आणि खरड छाटणीच्या धांदलीतही घरात एक विषय निघतोच : औंदा बांधूया का? ज्यांनी बेदाणा शीतगृहात ठेवलेला असतो, त्यांचा हाच विषय दिवाळीच्या तोंडावर निघतो. जागा आणि घरं दाखवण्याचा माझा धंदा. त्यामुळे या भागातल्या माणसांची स्वप्नं मला फुटांत आणि गुंठ्यांत ऐकायला मिळतात. एवढी वर्षं ती ऐकल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. आपल्याकडं बहुतेक घरं ऐपतीच्या टोकाला जाऊन बांधली जातात. ती गरजेच्या मापानं बांधली, तर त्या घरातली माणसं जास्त मोकळी होतील.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक समोर बसलं की पहिला प्रश्न असतो, ‘बजेट किती?’ मी तो दुसरा विचारतो. पहिला विचारतो, ‘तुमच्या घरात दिवस कसा जातो?’ पहाटे कोण उठतं, म्हातारी माणसं कुठं बसतात, पोरं अभ्यास कुठं करतात, पाहुणे महिन्यातून किती वेळा मुक्कामाला येतात. बरीच माणसं या प्रश्नानं बावरतात, कारण त्यांनी घराचा विचार बाहेरून केलेला असतो. पोर्च, समोरचं इलेव्हेशन, जिना बाहेरून की आतून, हॉलला पीओपी. आत राहायचं कसं, याचा विचार वास्तुशांतीनंतर सुरू होतो.

मागे सावळज भागातलं एक कुटुंब आलं होतं. तीन बेडरूमचा बंगला हवा, असं मुलानं सांगितलं. सोबत आजी होत्या. नकाशा टेबलावर पसरलेला, सगळे त्यावर वाकलेले, आणि आजी खुर्चीवर गप्प. मी त्यांनाच विचारलं, ‘आजी, तुम्हाला काय पाहिजे?’ त्या म्हणाल्या, ‘मला काय नको लेकरा. दारात बसाया सोपा पायजे. येणारं-जाणारं माणूस दिसलं पायजे. आन् एवढं मोठं घर झाडायचं कुणी?’ त्यांची सून खाली मान घालून हसली, कारण झाडणार तीच होती. त्या दिवशी नकाशा घरी गेला आणि परत आला तेव्हा एक बेडरूम गेली होती. समोर चांगला रुंद सोपा आला होता, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ नातीच्या अभ्यासासाठी टेबलाची जागा. ते घर आज उभं आहे. आजी सोप्यात बसतात, नात नर्सिंगला आहे, आणि तिची फी भरताना घराच्या कर्जाचा हप्ता आडवा येत नाही.

हप्त्याचं गणित आपल्याकडं जरा वेगळं आहे आणि ते नीट समजून घ्यायला पाहिजे. पगारदार माणसाला दर महिन्याला पगार येतो, म्हणून दर महिन्याला हप्ता देणं त्याला जमतं. द्राक्षबागायतदाराचं तसं नाही. त्याचा पैसा वर्षाला येतो, तोही येईल याची खात्री नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लांबला की डावणी रोग येतो, घड जिरतात. माल तयार असताना अवकाळी झाली की मणी तडकतात. औषधं, मजुरी आणि सोसायटीचं कर्ज मात्र थांबत नाही. ज्याचं उत्पन्न असं आभाळाकडं बघणारं आहे, त्यानं महिन्याच्या हप्त्यावर मोठं घर उभारणं म्हणजे बागेइतकीच दुसरी जोखीम डोक्यावर घेणं.

आकडेच मांडतो. बांधकामाला दोन हजार रुपये फूट धरले, तर सातशे फुटांऐवजी बाराशे फूट बांधताना जादा पाचशे फुटांचे १० लाख होतात. हे १० लाख ९ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९ हजार रुपये बसतो आणि शेवटपर्यंत साडेएकवीस लाखांच्या पुढं पैसे जातात. म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेली खोली, वरचा हॉल आणि बाहेरचा गोल जिना यांच्यासाठी माणूस २० वर्षं दर महिन्याला ९ हजार मोजतो. तेवढ्या पैशात ठिबकचा जुना संच बदलता येतो, मुलीला बाहेरगावी शिकवता येतं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन वेळेवर होतं. हा हिशोब मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर लिहून देतो. आमचं कमिशन व्यवहाराच्या रकमेवर टक्क्यानं ठरतं, म्हणजे घर मोठं तर कमिशन मोठं. तरीही हा कागद देणं मी माझं काम समजतो. माणूस घर घेतो ते आयुष्यात बहुधा एकदाच, आणि त्या वेळी खरं बोलणारा कुणीतरी त्याच्याजवळ असावा.

मोठ्या घराचं पुढं काय होतं, हे बघायला लांब जावं लागत नाही. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि आपल्या तासगाव तालुक्यातली हजारो माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. दुष्काळानं गाव सोडायला लावलं, कष्टानं त्यांनी परमुलखात नाव कमावलं आणि गावाकडं टोलेजंग बंगले बांधले. त्यांचा अभिमान मला कळतो. ज्या गावानं आपल्याला अर्धपोटी पाहिलं, त्याच गावात ताठ मानेनं उभं राहावं असं कुणाला वाटणार नाही? पण असे काही बंगले मी आतून पाहिले आहेत. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. वरच्या मजल्याच्या खोल्यांना कुलपं. ओट्याच्या ग्रॅनाइटवर धूळ. म्हातारे आई-वडील खालच्या एका खोलीत राहतात, आणि चूल पाहिजे म्हणून मागे पत्र्याचं शेड मारून तिथंच स्वयंपाक करतात. गावची यात्रा आणि दिवाळी सोडली, तर सहा खोल्यांपैकी पाच बंदच. त्या आई-वडिलांना घराचा उपयोग किती आणि राखणदारी किती, याचा विचार परगावी असलेल्या मुलांनी मनापासून करावा.

आपले जुने लोक कमी जागेत राहिले, पण अडचणीत राहिले असं सरसकट म्हणता येणार नाही. तालुक्याच्या पूर्व भागातली माळवदाची घरं आठवा. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, त्यामुळं उन्हाळ्यातही आत गारवा. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं परडं. सोपा दिवसा बैठकीचा, रात्री झोपायचा, सुगीत पोती ठेवायचा. एका जागेला तीन कामं होती. आज आपण एकेका कामाला एकेक खोली बांधतो आणि त्यातली निम्मी कामं वर्षातून चारदाच होतात. जुनं घर जसंच्या तसं परत बांधा असं मी म्हणणार नाही; संडास-न्हाणीघर घरात हवं, पाणी नळाला हवं, बाईला उभं राहून स्वयंपाक करता यावा. पण एका जागेचे दोन-तीन उपयोग करण्याची ती अक्कल आपण सोडायला नको होती.

घर माणसाला घडवतं, यावर माझा विश्वास आहे, आणि त्याचा मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्या सोबतीला मॉरिस फ्रिडमन हा मूळचा पोलंडचा इंजिनिअर. कल्पना अशी, की शिक्षा झालेल्या कैद्यांना गजाआड कोंडायचं नाही. त्यांना राहायला घर द्यायचं, कसायला जमीन द्यायची, बायका-मुलांसोबत राहू द्यायचं. भोवती तुरुंगाच्या उंच भिंती नाहीत. माणसं पळून गावात गोंधळ घालतील, ही भीती खोटी ठरली आणि ही खुली वसाहत पुढं चालत राहिली. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. चित्रपट सगळ्यांना आठवतो, त्यामागची घरं कमी जणांना. माणूस सुधारायला तिथं काय दिलं गेलं? छोटं घर, हाताला काम, जवळ आपली माणसं आणि वरून टाकलेला विश्वास. संगमरवरी फरशी त्या यादीत कुठंच नव्हती.

स्वतःला सुधारायचं म्हटलं की आपण मोठमोठे संकल्प करतो. पहाटे उठीन, वाचन करीन, व्यसन सोडीन, मुलांशी बोलीन. हे संकल्प मोडतात त्यामागं पुष्कळदा डोक्यावरचा हप्ता असतो. कर्ज फेडायला माणूस जास्तीचं काम धरतो, उशिरा घरी येतो, चिडतो आणि मोबाईल बघत झोपतो. घर मोठं होतं आणि घरातला वेळ लहान होतो. मी स्वतः दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि सोपा एवढ्या घरात राहतो. संध्याकाळी कार्यालय वेळेवर बंद करतो. जेवणानंतर टीव्ही न लावता सगळे एकत्र बसतो, पोरं मोठ्यानं वाचून दाखवतात. हे जमतं, कारण महिन्याच्या शेवटी मला कुणाचं देणं नसतं. साधेपणाचा मला कळलेला अर्थ एवढाच : गरजा आपल्या ताब्यात असाव्यात.

कर्ज काढून सण-लग्न करू नका, पण पोरांना शाळेत घाला, हे गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी काही ठेवलं नाही. त्यांच्याच नावाचं ग्रामस्वच्छता अभियान आपल्या अंजनीच्या आर. आर. (आबा) पाटलांनी ग्रामविकासमंत्री असताना राज्यभर नेलं. साधेपणाचा वारसा या मातीला नवा नाही.

मात्र साधं राहायचं म्हणजे कागदाला ढिलं राहायचं, असं नाही. घर लहान घ्या, पण कागद पक्के घ्या. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा आहे का बघा. प्लॉट बिगरशेती झालाय का, रस्ता नकाशात आहे का, हे तलाठ्याकडं आणि नगरपालिकेत जाऊन स्वतः विचारा. शेतजमिनीच्या तुकड्यांना १९४७ चा तुकडेबंदी कायदा लागतो. अलीकडं त्यात सवलती आल्या असल्या, तरी आपला गट त्यात बसतो का, हे वकिलाकडून तपासूनच विसार द्या. फ्लॅट घेत असाल, तर १ मे २०१७ पासून लागू झालेल्या रेरा कायद्यानुसार बिल्डरनं दर चटई क्षेत्रावर सांगायला पाहिजे, आणि नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या माझ्यासारख्या मध्यस्थाकडंही महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिजे. तो मागायला लाजू नका. आणि शक्य असेल तर घर घरच्या बाईच्या नावावर घ्या. मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि ज्या घरात ती सगळ्यात जास्त राबते, त्यावर तिचं नाव लागतं.

या हंगामात जागा बघायला निघणार असाल, तर आधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. आजी-आजोबांना, सुनेला, पोरांना प्रत्येकाला विचारा की तुला घरात काय पाहिजे. मग मागच्या पाच वर्षांतलं सगळ्यात वाईट उत्पन्नाचं वर्ष काढा आणि त्या वर्षीही हप्ता फिटेल एवढंच कर्ज ठरवा. हे दोन्ही एका कागदावर लिहा आणि तो घेऊनच आमच्याकडं या. एजंटानं विचारलं नाही, तरी तो कागद त्याच्यापुढं ठेवा आणि त्या मापाचंच घर मागा.