स्टेशनवरचा वजनकाटा, पिनबॉल आणि हातचा एक

आठवीच्या ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या पाठात विद्युत घंटा येते. मुलं आकृती काढतात, नावं देतात आणि पूर्ण गुण घेऊन मोकळी होतात. टोला घंटेवर कशामुळे आपटतो हे मात्र किती जणांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं? मला विचाराल तर हा पाठ शिकवायला एखादं बंद पडलेलं जुनं विद्युत-यांत्रिक यंत्र मुलांकडून दुरुस्त करून घेण्यासारखं दुसरं साधन नाही.

आपल्या ओळखीचं असं यंत्र म्हणजे लोकलच्या स्टेशनवरचा वजनकाटा. मालाडला गाडीची वाट बघताना लहानपणी त्यावर चढण्याचा हट्ट ज्यांनी केला नसेल असे पालक थोडेच. दिवे लुकलुकायचे, चाक गरगर फिरायचं, ते थांबलं की नाणं टाकायचं आणि पुठ्ठ्याचं तिकीट हातात यायचं. त्यावर वजन आणि सोबत भविष्यही. (वजन कितीही वाढो, भविष्य चांगलंच असायचं!)

याचाच परदेशी चुलतभाऊ म्हणजे पिनबॉल. आपल्याकडे घरोघरी खिळे ठोकलेल्या फळीवर गोळ्या उडवायचा जो बगाटेल खेळायचे, त्यातूनच तो निघाला. १८७१ मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्हने बगाटेलला स्प्रिंगचा दट्ट्या लावून पेटंट घेतलं. १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात बटण दाबल्यावर चेंडू परतवणारे फ्लिपर आले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या यंत्रांत चिप नव्हती. सगळा कारभार कुंतल, रिले, मोटर आणि पितळी पट्ट्यांचा.

आणि हा कारभार दिसतो, हेच तर महत्त्वाचं. गुण दाखवणारं चाक घ्या. कुंतलात वीज आली की खटका ओढला जातो आणि चाक एक घर पुढे सरकतं. चाक ९ वर असताना मागची एक पट्टी जुळलेली असते. त्यामुळे पुढचा ठोका शेजारच्या दशकाच्या चाकालाही मिळतो. इकडे ० येतो, तिकडे १ वाढतो. दुसरीत आपण ‘हातचा एक’ घोकून घेतो, तो इथे खटकन वाजतो! यंत्र हलवून लबाडी करणाऱ्याला पकडायला आत चक्क ओळंबा असतो, गवंड्याचा असतो तसाच. तो भोवतालच्या कड्याला टेकला की मंडल पूर्ण होतं आणि डाव बाद.

असं यंत्र बंद पडतं ते बहुधा साध्या कारणांनी. पट्ट्यांवर काजळी धरते, जुनं ग्रीस घट्ट होतं, स्प्रिंग सुटते. आधी प्लग काढायचा, मग चाकं बोटाने फिरवून बघायची, नकाशा समोर ठेवून एकेक तार शोधत जायचं. पट्ट्या जाड सॅण्डपेपरने घासायच्या नाहीत, अगदी बारीक कानस हलकेच फिरवायची. फ्यूज उडाला म्हणून जाड तार घालायची नाही. अमेरिकेतलं यंत्र तिथल्या सुमारे ११० व्होल्टसाठी बनवलेलं, आपल्याकडे २३०. मधे ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि वीज जोडताना शिक्षक शेजारी हवेत.

काही जण म्हणतात, आतलं सगळं काढून इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवा, कटकट मिटेल. दुकानदारासाठी ठीक आहे. शाळेसाठी मला हे अजिबात पटत नाही. दिवे लागतील, गुण वाढतील, पण हातचा कुठून कुठे गेला ते पुन्हा झाकलं जाईल. मग टॅबवरचा गेम काय वाईट?

आता पिनबॉल आणायचा कुठून, हा प्रश्न रास्तच. तो मिळाला तर उत्तमच, पण त्याच्यासाठी अडून बसायला नको. शाळेच्या अडगळीत जुनी घंटा असते, कुणाच्या माळ्यावर टेपरेकॉर्डर असतो. “पोरगं बिघडवून ठेवेल,” असं पालक म्हणतात. अहो, ते आधीच बिघडलेलं आहे! भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी चार शनिवार वर्गाला द्या. आणि पंखे-मिक्सर दुरुस्त करणारे कारागीर आपल्या गल्लीत आजही बसतात, त्यांपैकी एकाला तासिकेला बोलवा. फक्त त्यांना चहावर भागवू नका, रीतसर मानधन द्या.