पट्टी कोणाच्या सोयीची?

संकेतस्थळ उघडताच पडद्याच्या माथ्यावर शब्दांची एक आडवी पट्टी दिसते. तंत्रज्ञ तिला नॅव्हिगेशन बार म्हणतात. बाकीचे सारे मेनू म्हणून ओळखतात. ती कशी बांधावी हा प्रश्न या पानावर चर्चिण्याइतका मोठा आहे काय, असे कोणी विचारील. परंतु दाखला, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती ही कामे आता बव्हंशी या पट्टीतून वाट काढीतच करावी लागतात, आणि वाट चुकली तर अर्जाची मुदत टळते.

आपल्याकडील सार्वजनिक संस्थांच्या पट्ट्या पाहिल्या म्हणजे ध्यानात येते ते हे, की त्या पुष्कळदा कार्यालयाच्या रचनेवरून बेतलेल्या असतात, येणाऱ्याच्या कामावरून नव्हे. ‘आमच्याविषयी’, ‘ध्येय व उद्दिष्टे’, ‘छायाचित्र दालन’ यांना मानाचे स्थान; आणि ज्या अर्जासाठी माणूस आला तो ‘इतर’ या शब्दाच्या पोटात. शिष्यवृत्ती कोणत्या कक्षाच्या अखत्यारीत येते हे विद्यार्थ्याने का जाणावे? एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. तो येथेही तितकाच लागू पडतो. कामांची नावे चिठ्ठ्यांवर लिहावीत, दहापंधरा सामान्य माणसांकडून त्यांचे गठ्ठे करून घ्यावेत आणि गठ्ठ्यांची नावेही त्यांनाच विचारावीत. या पूर्वतयारीला संगणकसुद्धा लागत नाही.

प्रत्यक्ष बांधणीतील दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. एचटीएमएलच्या २०१४ साली प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत अशा पट्टीसाठी ‘नॅव्ह’ नावाचा स्वतंत्र घटक आहे. त्याच्या आत दुव्यांची साधी यादी ठेवली, की अंध व्यक्तीचे वाचक-सॉफ्टवेअर येथे मार्गदर्शक पट्टी आहे आणि तीत इतके दुवे आहेत, हे बोलून सांगू शकते. हेच शब्द नुसत्या रंगीत चौकटींत बसवून त्यांना केवळ माउसच्या टिचकीची जोड दिली, तर दिसायला फरक काहीच नाही. पण कळफलकावरील टॅब कळ त्यांच्यावर थांबत नाही, आणि अंध माणसापुरते ते दार बंद राहते. माउस वर नेताच उघडणाऱ्या उपयाद्यांचेही तेच. मोबाइलवर माउस असतो कुठे? शिवाय प्रत्येक पानावर तीच पट्टी पुन्हा ऐकावी लागू नये म्हणून आरंभी ‘थेट मजकुराकडे’ हा दुवा हवा, आणि शब्दांचा क्रम सर्व पानांवर एकच हवा.

मोबाइलच्या लहान पडद्यावर पट्टी मिटवून तीन आडव्या रेघा काढण्याची चाल आहे. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी १९८१ सालच्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी रेखाटले. तरुणांना ते सवयीचे झाले. निवृत्त शिक्षकाला त्या रेघा म्हणजे दार आहे हे कोण सांगणार? शेजारी ‘मेनू’ ही दोन अक्षरे लिहायला जागा पुरत नाही, हे पटण्यासारखे नाही.

नियमांची वाण आहे असेही नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. ॲसिड हल्ल्यातील पीडितांच्या व अंधांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. उणीव आहे ती काम ताब्यात घेतानाच्या तपासणीची. पहिल्या पानाचे देखणे चित्र पाहून देयक मंजूर करण्याऐवजी कार्यालयप्रमुखाने माउस काढून ठेवण्यास सांगावे, केवळ कळफलकावर एक अर्ज शोधून पुरा भरून दाखविण्यास सांगावे, मग तेच काम एखाद्या अंध कर्मचाऱ्याकडून करवून पाहावे. आणि ही अट निविदेतच लिहिलेली असावी.