जीपला गॅस लावा, पण स्वयंपाकघरातला नको

कणकुंबी, जांबोटी, चोर्ला या पट्ट्यात ज्यांच्या दारात अजून जुनी जीप उभी आहे, त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे. पेट्रोलचा भाव वाढला की बाजारात कुणीतरी हमखास सांगतो, "गॅस बसवून टाक, निम्म्या खर्चात भागतंय." सांगणारा अगदीच खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. राहिलेलं अर्धं ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

पहिल्यांदा बॉनेट उघडा. इंजिन पेट्रोलचं आहे की डिझेलचं? आपल्या भागातल्या बहुतेक कमांडर आणि मार्शल डिझेलच्या आहेत. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे पेट्रोल गाडीचं गॅस किट त्याला चालत नाही. "डिझेलवर पण करून देतो" असं कुणी म्हणालं तर चहा प्या, नमस्कार करा आणि घरी या. हे सगळं पेट्रोल जीपवाल्यांसाठी आहे. महिंद्रांनी १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या पेट्रोल गाड्या अजून गावोगावी कुणी कुणी जपून ठेवल्या आहेत.

पेट्रोल जीपला गॅसचा एक फायदा खराच आहे, आणि तो पैशाचा नाही. उभ्या चढणीला किंवा कडेला कलल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं. इंजिन गुदमरतं, नाहीतर जास्त पेट्रोल येऊन बंद पडतं. गॅसला वाटी आणि फ्लोट लागतच नाही. अमेरिकेत डोंगरदऱ्यांत जुन्या जीप फिरवणारे हौशी लोक प्रोपेन बसवतात ते मुख्यतः यासाठी. आपल्या पंपावर नुसतं प्रोपेन मिळत नाही. मिळतं ते प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण, म्हणजे ऑटो एलपीजी. काम तेच. शिवाय गॅस कोरडा जळतो, काजळी कमी धरतो, इंजिन ऑईल जास्त दिवस स्वच्छ राहतं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एक लिटर गॅसमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते, म्हणून लिटरमागे अंतर साधारण पाव हिश्शाने घटतं. पेट्रोलवर आठ किलोमीटर देणारी जीप गॅसवर सहाच देईल असं धरा. साठ लिटरची टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे ४८ लिटर. कणकुंबीहून बेळगावला जाऊन येणं म्हणजे नव्वदेक किलोमीटर, त्यात पंधरा लिटर गॅस गेला. पंप शहरातच असेल आणि केवळ गॅस भरायला गेलात, तर टाकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा रस्त्यातच संपला. आठवड्याला बाजारासाठी तसंही बेळगाव होत असेल तर गणित जमतं. जीप शेतातून घरी आणि घरातून शेतात एवढीच फिरत असेल तर किटचे पैसे कधी फिटणार, ते कागदावर मांडून बघा. पंप कुठं आहे, चालू आहे का, हे किट घ्यायच्या आधी स्वतः जाऊन बघून या.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या आतली. देशभर १ फेब्रुवारी २००० पासून शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याआधीची इंजिनं शिशाच्या भरवशावर होती, ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवायचं. कोरड्या गॅसवर जुन्या मऊ सीट लवकर झिजतात. त्याची खूण फसवी असते. सीट खाली गेली की टॅपेटची फट कमी होते आणि इंजिनाची टकटक बंद होते. मालक खूश होतो, "गॅसवर गाडी किती मऊ चालते!" प्रत्यक्षात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर असतो. म्हणून हेड उघडायची वेळ आली की कडक सीट बसवून घ्या, आणि गॅस लावल्यावर टॅपेट वरचेवर मोजून घ्या.

चौथं रेडिएटर. टाकीतून येणारा पातळ गॅस व्हेपोरायझरमध्ये वाफ होतो, आणि त्याला लागणारी ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातून मिळते. आपल्या जुन्या जीपचा रेडिएटर थोडा गळतो, आपण ओढ्यावर बाटली भरून ओततो आणि पुढं जातो. गॅसवर तसं चालत नाही. पाणी कमी झालं की व्हेपोरायझरवर बर्फ धरतो आणि गाडी घाटातच बसते. आधी रेडिएटर, होस पाईप, पाण्याचा पंप नीट करा. किट त्यानंतर.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. घरातला लाल सिलेंडर जीपमध्ये ठेवू नका, आणि त्यातून गाडीत गॅस भरूनही घेऊ नका. ओम्नीत मागच्या सीटखाली सिलेंडर ठेवून गाड्या हाकणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात अशाच बेकायदा ठिकाणी ओम्नीत गॅस भरताना स्फोट झाला. गाडीतली माणसं भाजली, त्यातली काही दगावली.

गाडीची टाकी आणि घरचा सिलेंडर यांत फरक नुसत्या आकाराचा नाही. गाडीच्या टाकीत ८० टक्क्यांवर भरणं आपोआप थांबवणारा व्हॉल्व्ह असतो, कारण ऊन लागलं की पातळ गॅस फुगतो आणि त्याला जागा लागते. नळी तुटली तर गॅस रोखणारा व्हॉल्व्ह असतो. गळती झाली तर ती गाडीबाहेर नेणारी हवाबंद पेटी असते. चौदा किलोच्या सिलेंडरला यातलं काही नाही. तो शेगडीसाठी बनलेला आहे, खडकाळ वाटेवर आदळआपट सोसण्यासाठी नव्हे.

आणि गॅस हवेपेक्षा जड आहे. तो वर उडून जात नाही, जमिनीला धरून उताराने सरकतो आणि खोलगट जागी साचतो. हवेत दोन टक्के झाला तरी पेट घेतो. आपल्याकडे जीप पडवीत नाहीतर गोठ्याला लागून उभी असते, आणि तिथून चार पावलांवर न्हाणीची चूल. पहाटे आंघोळीचं पाणी तापवायला कुणीतरी काडी ओढणारच. जीप कुठंही गळली तरी गॅस त्या चुलीपर्यंत चालत जातो. म्हणून अगदी कायदेशीर किट असलं तरी गाडी उघड्या हवेशीर जागी लावा, चुलीपासून लांब, आणि रात्री टाकीचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. कुजका वास आला तर बटण लावू नका, गाडी चालू करू नका. आधी चूल विझवणं आणि व्हॉल्व्ह बंद, मग माणसं आणि जनावरं बाहेर.

बसवायचं ठरलंच तर रीतसर. तुमच्या मॉडेलसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मान्यता दिलेलं किट आहे का, हे आधी विचारा. जुन्या जीपला ते नसेल तर विषय तिथंच संपवा. असेल तर अधिकृत केंद्रात बसवा, टाकी चेसिसला घट्ट बांधून घ्या, पण चेसिसखाली लोंबकळत ठेवू नका. आपल्या चिखलात आणि दगडांत ती टिकायची नाही. त्यानंतर आरटीओत आर.सी.वर नोंद. गाडी केए-२२ असेल तर बेळगावात, सीमेपलीकडच्या पासिंगची असेल तर तिथल्या कार्यालयात. नोंद न करता गाडीत फेरबदल केला तर कायद्यात पाच हजारांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघाताच्या दिवशी ती हात वर करील. दर पाच वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून घ्या.

पेट्रोलची टाकी काढून टाकू नका. सकाळी गाडी पेट्रोलवर चालू करा, इंजिन तापलं की गॅसवर घ्या. रोज दोन-चार किलोमीटर पेट्रोलवर चालवलीत तर कार्बोरेटर सुकणार नाही, आणि अडल्या वेळी घरी पोचाल.

हे सगळं मांडून गणित जमलं नाही, तर त्यात कमीपणा काही नाही. कार्बोरेटर साफ करून घ्या, प्लग बदला, टायरमध्ये पुरती हवा भरा, मागं उगाच पडलेलं ओझं उतरवा. थोडं पेट्रोल त्यातही वाचतं. आणि लाल सिलेंडर स्वयंपाकघरातच राहू द्या.