वैद्यकी आणि घरभाडें

वैद्यक महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या आमच्या तरुणांत हल्लीं एक विलक्षण गणित रूढ झालें आहे. मुंबईंत किंवा पुण्यांत कोणत्या वस्तींत राहावयाचें हें आधीं ठरवावयाचें. तेथील जागेची किंमत, मोटार आणि मुलांच्या शाळेची फी यांची बेरीज करावयाची. तेवढी प्राप्ति कोणत्या शाखेंत होते तें पाहावयाचें. आणि मग त्या शाखेच्या मागें लागावयाचें. या मांडणींत रोगी येतो तो सर्वांत शेवटीं, आणि तोही बेरजेंतील एक आंकडा म्हणून.

वैद्यानें उपाशी राहून सेवा करावी, असा उपदेश आम्ही करीत नाहीं. साडेपांच वर्षांचा पदवीचा अभ्यास, वर तीन वर्षांचें पदव्युत्तर शिक्षण, आणि खाजगी महाविद्यालय असेल तर डोक्यावर कर्ज. इतकें सोसलेल्या तरुणानें चांगलें वेतन मागितलें तर त्यांत वावगें काय? ज्या समाजांत वकिलाचा व इंजिनिअराचा पैसा कर्तृत्व म्हणून मिरविला जातो, तेथें एकट्या डॉक्टरास संन्यास सांगणें हें शुद्ध ढोंग होय. परंतु योग्य वेतन मागणें निराळें, आणि खर्च आधीं ठरवून त्याला पुरेल असा व्यवसाय बेतणें निराळें. आपणांस किती कापड हवें हें गिऱ्हाइकास ठाऊक असतें. किती तपासण्या हव्या हें रोग्यास ठाऊक नसतें. तें डॉक्टरच सांगतो. म्हणून ज्याच्या घराचा हप्ता त्याच्या विद्येहून मोठा झाला, त्याचा तो हप्ता आज ना उद्यां औषधाच्या चिठ्ठींत उतरतो. ‘कट’ या नांवानें जो प्रकार शहरांत सर्वांस ठाऊक आहे, त्याचें मूळ केवळ दुष्टपणांत शोधूं नये. तें पुष्कळदां घरभाड्यांत सांपडेल.

या बेताचे परिणाम आतां व्यक्तीपुरते राहिलेले नाहींत. क्ष-किरण व त्वचारोग या शाखांसाठीं झुंबड उडते. शरीररचना, जीवरसायन यांसारख्या शाखांच्या जागा रिकाम्या पडतात. इ. स. २०२३ मध्यें पदव्युत्तर प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेची पात्रता-मर्यादा शून्य पर्सेंटाइलपर्यंत खालीं आणावी लागली, तरी कोणास लाज वाटली नाहीं. उद्यांच्या डॉक्टरांस शरीर शिकविणारा शिक्षकच उरला नाहीं, तर त्वचा तरी कोण ओळखणार?

कोणी म्हणेल कीं, खेड्यांत विद्या गंजते. १९७० पासून जामखेडला आरोळे दांपत्यानें आणि १९८६ पासून गडचिरोलीला बंग दांपत्यानें केलेलें कार्य या आक्षेपास पुरेसें उत्तर आहे. गांवच्या बायांस शिकवून नवजात अर्भकें घरींच वांचवितां येतात, हें गडचिरोलीचें संशोधन १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’नें छापलें, तें कांहीं मलबार हिलवर झालें नव्हतें. असामान्यांचीं उदाहरणें सामान्यांस लावूं नयेत, हेंही आम्हांस मान्य आहे. सामान्य पदवीधराकडून आम्ही गडचिरोली मागत नाहीं; तालुक्याचें गांव मागतों. तेथें मिळकत कमी असेल, पण जागेचा खर्चही मुंबईच्या मानानें पुष्कळच कमी. हातीं शिल्लक काय उरतें, हा हिशेब या हिशेबी मंडळींनीं एकदां तरी प्रामाणिकपणें करून पाहावा.

सरकारही येथें निर्दोष नाहीं. रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचें तीन महिन्यांचें शिक्षण देऊन समाजाचा वैद्य तयार करावा, असें भोर समितीनें १९४६ सालींच सुचविलें होतें. सपाट प्रदेशांत तीस हजार व डोंगराळ आणि आदिवासी भागांत वीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हें प्रमाणही ठरलें. परंतु त्या केंद्रांत राहणाऱ्या डॉक्टराचें घर गळतें कीं नाहीं, त्याच्या मुलांस शाळा आहे कीं नाहीं, याची चौकशी कोण करतो? उलट एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेंतून दहा लाख रुपये भरून सुटण्याची वाट आमच्या राज्यानें पदवीधरांस कित्येक वर्षें मोकळी ठेवली. कर्तव्याचा भाव सरकारनेंच जाहीर केल्यावर ज्याच्या खिशांत पैसा होता त्यानें तो मोजला, यांत नवल कसलें?

तेव्हां सरकारानें केंद्रावरील डॉक्टरास राहण्याजोगें घर, वेळेवर वेतन आणि तेथें काढलेल्या वर्षांचा पुढील प्रवेशांत भरघोस लाभ द्यावा. पालकांनीं मुलाची पदवी हाच सदनिकेचा विसार आहे असें मानणें सोडावें. आणि विद्यार्थ्यानें प्रश्नांचा क्रम बदलावा: कोणत्या रोग्यांत मला काम करावयाचें आहे हें आधीं, त्यासाठीं कोणती शाखा लागेल हें त्यानंतर, मग गांव, आणि घर सर्वांत शेवटीं. या क्रमानें चालणारा डॉक्टर भिकेस लागल्याचें आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.