मोठ्या माणसांसाठी छोटे खेळ

‘आमचे आबा दुपारभर मोबाइलवर काहीतरी खेळत बसतात. डॉक्टरसाहेब, हे चांगले की वाईट?’ हा प्रश्न अलीकडे रक्तदाबाच्या गोळीविषयीच्या प्रश्नाइतकाच नेहमीचा झाला आहे. त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. जेवण चांगले की वाईट, असे कोणी विचारले तर आपण आधी ताटात काय वाढले आहे ते पाहू. खेळाचेही तसेच आहे. कोणता खेळ, किती वेळ आणि कोणाच्या सोबतीने, हे कळल्यावाचून मत देणे योग्य होणार नाही.

मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला, चाळिशीचा चष्मा लावणारा गृहस्थ आहे, आणि सायंकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी अर्धा तास असे खेळ खेळतो. त्यामुळे पुढील मते खेळणाऱ्याची आहेत, तशीच डॉक्टरचीही आहेत. कोणत्याही कंपनीशी माझा काडीचाही संबंध नाही.

या विषयाला आपल्याकडे एक खास कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून असंख्य जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच-सहा महिने, गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. सुशिक्षित घरांतील मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतात. तिथेही दोन वृद्ध जीव आणि एक मोबाइल एवढाच संसार उरतो. मुलाचा आवाज ऐकण्यासाठी घेतलेला तो मोबाइल उरलेल्या वेळात काय करतो, इकडे लक्ष देणे हा आरोग्याचाच भाग आहे.

छोटे खेळ म्हणजे काय?

व्हिडिओ खेळांच्या व्यवसायात शेकडो माणसे राबवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. त्यांच्याबरोबरच एकट्यादुकट्याने किंवा पाच-दहा जणांच्या चमूने बनवलेले खेळही आहेत. त्यांना ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र खेळ म्हणतात. फुकट मिळणारे बहुतेक मोठे खेळ जाहिरातींवर आणि पुनःपुन्हा मागितल्या जाणाऱ्या पैशांवर चालतात. खेळणाऱ्याने उठूच नये, अशीच त्यांची रचना असते. छोट्या खेळांपैकी चांगले खेळ एकदाच पैसे घेतात, जाहिराती दाखवत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ते संपतात. ज्येष्ठांसाठी हा शेवटचा गुण मला औषधाच्या ठरलेल्या मात्रेसारखा वाटतो.

‘२०४८’

२०१४ च्या मार्च महिन्यात गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने शनिवार-रविवारच्या सुट्टीत हा खेळ रचला. सोळा घरांचा चौकोन, त्यात दोन आणि चारचे आकडे. सारखे आकडे एकमेकांवर सरकवून दुप्पट करत २०४८ पर्यंत पोहोचायचे. अंक ठळक आहेत, घड्याळाचा तगादा नाही, इंग्रजी वाचावे लागत नाही. पाढे पाठ असलेल्या पिढीला तो पाच मिनिटांत समजतो.

माझे मत: खेळ उत्तम, पण त्याची नक्कल करणारे जाहिरातींनी भरलेले अनेक खेळ त्याच नावाने मिळतात, घरातल्या जाणत्याने पाहूनच घ्यावा. दुसरे असे की एकाच अंगठ्याने शेकडो वेळा सरकवल्याने अंगठ्याच्या मुळाशी मनगटात दुखू लागते. मधुमेही व्यक्तींच्या हातांच्या शिरा आधीच लवकर आखडतात. मोबाइल मेजावर ठेवून तर्जनीने खेळावे आणि हात आलटून-पालटून वापरावा.

‘मॉन्युमेंट व्हॅली’

लंडनच्या ‘असटू गेम्स’चा २०१४ मधील हा खेळ. एक मुकी राजकन्या मनोऱ्यांतून आणि जिन्यांतून वाट काढते. आपण मनोरा फिरवला की तुटलेली वाट डोळ्यांना जुळलेली दिसते, आणि ती खरोखरच जुळते. रंग डोळ्यांना सुखावणारे, संगीत मंद. चुकल्यास शिक्षा नाही, मरण नाही, गुण नाहीत. दहाच भाग आहेत.

ज्येष्ठांसाठी एकच खेळ सुचवा असे कोणी म्हटले, तर मी याचेच नाव घेईन. मात्र मोतीबिंदू पिकत आलेल्या माणसाला फिकट रंगांतील कडा ओळखता येत नाहीत. ‘खेळ अवघड आहे’ अशी आईची तक्रार असेल, तर आधी तिचे डोळे तपासून घ्यावेत. अडचण पुष्कळदा बुद्धीची नसते, भिंगाची असते.

‘मिनी मेट्रो’

न्यूझीलंडच्या ‘डायनोसॉर पोलो क्लब’ या छोट्या चमूचा हा खेळ २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. स्थानके उगवत जातात, आपण रेघा ओढून ती जोडायची, प्रवासी खोळंबू द्यायचे नाहीत. मुंबईचाही नकाशा यात आहे. आयुष्यभर एसटीच्या वेळापत्रकावर चाललेल्या किंवा कार्यालय सांभाळलेल्या निवृत्त माणसाला यात गोडी वाटते. खेळ थांबवून शांतपणे रेघा बदलता येतात, आणि रंग ओळखण्यात अडचण असलेल्यांसाठी वेगळी सोयही आहे.

तरीही शेवटी गर्दी वाढतच जाते आणि डाव हातचा जातोच. स्वभावाने चिडक्या, किंवा झोप न लागणाऱ्या व्यक्तीला मी तो रात्री सुचवणार नाही.

‘अनपॅकिंग’

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या ‘विच बीम’ या चमूने २०२१ मध्ये हा खेळ आणला. घर बदलल्यावर खोक्यांतून सामान काढून जागेवर लावायचे, एवढेच काम. १९९७ ते २०१८ या काळात एकाच स्त्रीची आठ घरे आपण लावतो. तिचा चेहरा दिसत नाही. तिच्या वस्तूंवरून तिचे आयुष्य कळत जाते. ज्या गृहिणीने बदलीच्या गावोगावी बिऱ्हाड मांडले आहे, तिला हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही. वस्तू फार बारीक दिसतात, म्हणून मोबाइलपेक्षा मोठा पडदा बरा. जागा चुकली तरी पुढे जाऊ देणारी सोय खेळात आहे. ती सुरुवातीलाच चालू करावी.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांना मात्र मी वेगळे सांगेन. वस्तू ओळखणे, वेगळ्या करणे, जागेवर ठेवणे यातला दिलासा त्या व्यक्तीला पडद्यावर शोधायला नको. मेथी निवडणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालणे यात स्पर्श आहे, वास आहे, आणि घरात आपला उपयोग होतो आहे ही भावनाही आहे. घडी वाकडी झाली तर तिच्यासमोर पुन्हा घालू नये.

‘फ्लॉरेन्स’ आणि ‘वेन्बा’

हे दोन्ही खेळ म्हणजे खेळता येणाऱ्या कथा आहेत. ‘फ्लॉरेन्स’ मेलबर्नच्या ‘माउंटन्स’ या चमूने १४ फेब्रुवारी २०१८ रोजी प्रसिद्ध केला. अर्ध्या-पाऊण तासात संपतो. फ्लॉरेन्स आणि भारतीय वंशाचा क्रिश यांचे प्रेम जुळते आणि पुढे ओसरते. त्यांचा संवाद आपण तुकडे जुळवून घडवतो. ओळख नवी असते तेव्हा तुकडे पुष्कळ असतात. सलगी वाढते तसे ते कमी होत जातात. संसाराविषयी इतके मोजके भाष्य मी क्वचितच पाहिले आहे. जोडीदार नुकताच गेला असेल, त्या व्यक्तीने मात्र तूर्त तो खेळू नये.

‘वेन्बा’ हा २०२३ चा, कॅनडातील टोरांटोच्या ‘विसाई गेम्स’चा खेळ. १९८० च्या दशकात तमिळनाडूतून तिकडे गेलेली एक स्त्री आईच्या फाटलेल्या पाककृतींच्या वहीवरून इडली, पुट्टू, बिर्याणी करते; आणि तिकडे वाढणारा तिचा मुलगा मातृभाषेपासून दुरावत जातो. वहीतील पुसलेला भाग आपण अंदाजाने भरून काढायचा. खेळ लहान आहे, आणि त्यातील इंग्रजी मजकूर आजीला एकटीने झेपणार नाही. परंतु परदेशातून सुट्टीवर आलेल्या मुलाने आईशेजारी बसून तो एकदा खेळावा. त्यानंतर घरच्या पुरणपोळीचे प्रमाण आईकडून लिहून घेण्याची बुद्धी त्याला आपोआप होईल.

‘राजी’

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ २०२० मध्ये आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी एक मुलगी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, आणि राजस्थानी वास्तूंची आठवण करून देणारे महाल. आपल्या मातीतला हा खेळ पाहून मन भरून आले. पण स्पष्ट सांगायचे तर त्यातील लढाया वेगवान आहेत आणि संधिवाताच्या बोटांना त्या पेलणार नाहीत. नातवाने खेळावे, आजीने बघावे आणि मध्ये मध्ये पुराणातली गोष्ट सांगावी. खेळणाऱ्याइतकाच बघणाराही खेळात असतो, हे सोंगट्यांच्या पटाभोवती बसलेल्यांना ठाऊकच आहे.

बुद्धी खरोखर वाढते का?

या बाबतीत सावधपणे बोलले पाहिजे. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ६० ते ८५ वर्षांच्या व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. खास बनवलेला मोटार चालवण्याचा खेळ महिनाभर खेळल्यावर त्यांचे अवधान सुधारले आणि हा लाभ सहा महिन्यांनंतरही टिकून होता. म्हणून बाजारातील प्रत्येक खेळ मेंदूचे टॉनिक ठरत नाही. ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या प्रसिद्ध कंपनीला पुराव्याविना दावे केल्याबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. खेळाने स्मृतिभ्रंश टळतो, असे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

२०१६ मधील ‘सी हीरो क्वेस्ट’ हा नौका हाकण्याचा खेळ मात्र माणूस वाट कशी शोधतो हे समजून घेण्यासाठीच बनवला होता. ४० लाखांहून अधिक लोक तो खेळले. त्यातून २०२२ मध्ये एक निष्कर्ष निघाला, तो आपल्या वाचकांना आवडावा: शहराबाहेर वाढलेल्या माणसांची वाट शोधण्याची क्षमता सरासरीने अधिक चांगली आढळली. बांधाबांधाने चाललेले बालपण वाया गेलेले नाही! ओळखीच्या वाटेवर माणूस वारंवार चुकू लागला, तर ते म्हातारपण म्हणून सोडून न देता तपासून घ्यावे, हा धडाही त्यातच आहे.

स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी हातात असलेली साधने अजूनही जुनीच आहेत: रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र लावणे, डोळ्यांवर वेळीच उपचार, आणि माणसांत मिसळणे. खेळाचा उपयोग यांतील शेवटच्या गोष्टीसाठी झाला, तर तो सत्कारणी लागला.

पाळावयाचे काही नियम

एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक खेळू नये. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि डोळ्यांची उघडझाप करावी. मोबाइल मांडीत धरून मान खाली घालू नये; तो उशीवर किंवा मेजावर टेकवावा. जेवण, गोळी आणि इन्सुलिन यांची वेळ खेळामुळे टळता कामा नये. झोपेच्या तासभर आधी मोबाइल बाजूला ठेवावा. बोटाचा स्पर्श पडद्याला कळत नसेल, तर कोरड्या त्वचेचा तो दोष असू शकतो. स्वस्त स्पर्शलेखणी मिळते. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व व्यवहारांहून खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांशी बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराचा आपल्या रोगसूचीत समावेश केला असून ती सूची जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

पैसे लावण्याचे खेळ

या लेखातील सर्वांत गंभीर भाग हा आहे. रमीसारखे पैसे लावण्याचे खेळ आणि वर सांगितलेले खेळ एकाच मोबाइलवर शेजारी दिसतात, पण त्यांचे गोत्र वेगळे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. तरीही आडवाटेने बोलावणारे संदेश येऊ शकतात. मुलाने उचलीतून घरखर्चासाठी ठेवलेले पैसे आणि आजीचे निवृत्तिवेतन एकाच खात्यात असतात, आणि त्याची किल्ली याच मोबाइलमध्ये असते. म्हणून खेळायच्या मोबाइलवर पैसे पाठवण्याची सोय शक्यतो ठेवू नये, आणि आलेला सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. घरच्यांनीही अशा वेळी रागावू नये. ओरडा बसेल या भीतीने म्हातारी माणसे लपवतात आणि हाती असलेला वेळ निघून जातो.

या पंधरवड्यात एवढे करावे. घरातील ज्येष्ठांच्या मोबाइलवर कोणते खेळ आहेत ते त्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून पाहावे. जाहिरातींचे आणि पैशांचे खेळ काढून टाकावेत, त्यांना रुचेल असा एखादा छोटा खेळ घालून द्यावा, आणि पहिला डाव त्यांच्यासोबत खेळावा. डाव त्यांनी हरला तरी चालेल. ‘आता तू खेळ, मी बघतो’ असे ते म्हणाले, की पुढचा डाव आपला.