दोष कानाचा की खाचेचा?

माझी भाची आठवीत शिकते. ईदीच्या पैशांतून तिने एक स्वस्त युकुलेले विकत घेतले. महिनाभर ती रोज बसून वाजवत होती. एके दिवशी तिने ते माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "मामू, हे कुणाला तरी देऊन टाका. सगळे म्हणतात, मला सुराचा कानच नाही."

युकुलेले हे गिटारसारखे दिसणारे, चार तारांचे लहान वाद्य आहे. ते हवाई बेटांवर जन्मले. १८७९ साली मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर जहाजाने तेथे आले. त्यांच्यात लाकूडकाम जाणणारे तीन कारागीर होते. त्यांनीच ही वाद्ये प्रथम बनवली. म्हणजे हे वाद्य मुळात सुताराच्या हातचे! मग त्याला कानस लावायला भ्यायचे कशाला?

मी चारही तारा सुरात लावल्या. मोकळ्या तारा गोड वाजल्या. पण पहिल्या पडद्यावर बोट दाबताच सूर चढला. मानेच्या वरच्या टोकाला एक लहान पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा जातात. खाच उथळ असली की तार पडद्यापासून फार उंच राहते. ती दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. त्यात वाजवणाऱ्याचा काय दोष?

काही लोक म्हणतात, "स्वस्त वस्तू फेकावी आणि नवी घ्यावी." मला हे पटत नाही. खाचा नीट कापायला कारागिराचा वेळ लागतो आणि स्वस्त वाद्यात नेमका तोच वाचवलेला असतो. त्याच किमतीच्या नव्या वाद्यातही हाच दोष निघू शकतो. मान वाकली असेल, तर मात्र घरी हात घालू नये. पण खुंटी सैल असेल, तर तिचा स्क्रू कोणीही आवळू शकतो.

आम्ही बारीक कानस घेतली. दोन-तीनदा घासायचे, तार लावायची, ऐकायचे. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली, तर पहिल्या पडद्यावर कागद जाईल एवढीच फट हवी. भाची धीराने घासत होती. घाई केली ती मीच! एक खाच खोल गेली आणि तार झणझणू लागली. मग पट्टी काढून तिच्याखाली कागद घालावा लागला आणि बाकीच्या तीन खाचा पुन्हा घासाव्या लागल्या. त्यात अख्खा रविवार गेला.

"तुला कान नाही" हे वाक्य बोलायला क्षणही लागत नाही. ते ऐकून मूल गाणे कायमचे सोडू शकते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की आधी वाद्य तपासा. खरे तर सूर चढतो आहे हे भाचीला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होते. म्हणूनच ती रडकुंडीला आली होती.

काल तिची मैत्रीण आपले युकुलेले घेऊन आली. भाचीने माझ्याकडे फक्त कानस मागितली.